लेकराचं वजन : मोजमाप, कारण आणि दोष

(हिंगोली इथं दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. स्वागताचा भाग वगळला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की मुलांच्या लठ्ठपणावर बोलायला डॉक्टर बोलवायचा, तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला? शंका रास्त आहे. औषधोपचारावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण या विषयातले दोन शब्द आमच्या दुकानातले आहेत. एक ‘मोजणं’ आणि दुसरा ‘कारण’. आपल्याकडे ज्ञानाच्या साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात, आणि ‘प्रमाण’ हा शब्द ज्या ‘मा’ धातूपासून आला त्याचा अर्थच मोजणं असा आहे. तेव्हा लेकराला काट्यावर उभं केल्यावर आपल्याला नेमकं काय कळतं, आणि ‘याचं कारण काय’ असं विचारताना आपण खरं काय विचारत असतो, एवढंच आज बघू.

दुसरी शंका याहून महत्त्वाची आहे. हिंगोलीत हा विषय कशाला? आपल्याकडे कुपोषणाच्या बातम्या येतात, लठ्ठपणा ही पुण्या-मुंबईची कटकट आहे, असं आपण धरून चालतो. आकडे बघू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलं वयाच्या मानाने ठेंगणी होती आणि ३६ कमी वजनाची. जास्त वजनाची चार. म्हणजे कमतरता हाच मोठा प्रश्न आहे, यात वाद नाही. पण आधीच्या पाहणीत त्या चारच्या जागी दोन होते. पाचेक वर्षांत दुप्पट. जगाकडे बघितलं तर युनिसेफने २०२५ मध्ये सांगितलं, की ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पहिल्यांदाच पुढे गेलं : शंभरात ९.४ विरुद्ध ९.२.

आणि माझं म्हणणं असं आहे, की हे दोन प्रश्न दोन वेगळ्या गावांचे नाहीत. ते एकाच घरात राहतात. कधी कधी तर एकाच लेकराच्या अंगात राहतात.

गुटगुटीत

आधी आपली भाषा बघा. बाळाने ‘बाळसं धरलं’ म्हणतो. ‘गुटगुटीत’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द. भरल्या अंगाचं पोर दिसलं की ‘खात्यापित्या घरचं’ म्हणायचं. सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस कोणत्या बाळाला मिळायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

याला अडाणीपणा म्हणू नका. मराठवाड्यातल्या ज्या आज्यांनी १९७२ चा दुष्काळ काढला, सुकडीवर लेकरं जगवली, त्यांच्यासाठी अंगावरचं मांस म्हणजे शिल्लक होती. तापाचं एक दुखणं आलं तर बारीक लेकरू हातातून जायचं, गुबगुबीत तरायचं. त्या काळात तो अनुभवाने सिद्ध झालेला नियम होता. परिस्थिती बदलली, नियम मागे राहिला. रूढी बहुतेक अशीच तयार होते : एका काळाचं शहाणपण दुसऱ्या काळात मुक्कामाला थांबतं.

मात्र आपल्या जुन्या वैद्यकाला ही गोष्ट माहीत होती. चरकसंहितेत ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंद्य म्हटलं आहे त्यांत अतिकृश आणि अतिस्थूल दोन्ही आहेत. स्थूलपणाच्या कारणांत जड आणि गोड खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं येतं आणि त्याच यादीत ‘बीजस्वभाव’ही येतो. म्हणजे सवय आणि वारसा दोन्ही एका ओळीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आकाश मोजणारा माणूस

आज डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात, ते सूत्र कुणा डॉक्टराने काढलेलं नाही. बेल्जियमचा अडॉल्फ केटले हा खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती. ब्रुसेल्सची वेधशाळा त्याने उभी केली. ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा आकडे येतात, आणि ते मधल्या एका आकड्याभोवती गोळा होतात, हे त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांना माहीत होतं. केटलेने हीच नजर माणसांवर लावली. १८३० च्या दशकात त्याने दाखवलं, की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून किलोतलं वजन घ्या, मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. झालं सूत्र.

त्याचा हेतू लठ्ठपणा ओळखण्याचा नव्हता. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. पुढे अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं तपासून या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. साल १९७२. आपण सुकडी खात होतो, त्याच वर्षी तिकडे या मोजपट्टीचं बारसं झालं! आणि ‘पुरुषांची’ हा शब्द परत ऐका. बायका नाहीत, लेकरं नाहीत.

मोठ्या माणसाची उंची ठरलेली असते, वजन तेवढं हलतं. लेकराचं दोन्ही हलतं. वर्षाच्या बाळाचा बीएमआय साधारण १७ च्या आसपास असतो. मग ते चालायला लागतं, अंग सुटतं, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत तो १५ च्या थोडा वर येऊन थांबतो. तिथून परत चढत अठराव्या वर्षी २१-२२ होतो. ‘आमचं पोर रोडावलं हो’ ही तीन-चार वर्षांच्या मुलाच्या आईची तक्रार पुष्कळदा याच उताराची असते. हा उतार निसर्गाचा आहे.

म्हणून मुलाच्या बाबतीत एकच आकडा चालत नाही. त्याच वयाच्या, मुलगा असेल तर मुलग्यांच्या आणि मुलगी असेल तर मुलींच्या रांगेत त्याला उभं करावं लागतं आणि ते कितव्या जागी आहे हे बघावं लागतं. वाढीच्या तक्त्यावरच्या वाकड्या रेघा म्हणजे त्या रांगा. पाच वर्षांखाली उंचीच्या मानाने वजन बघतात, पाचनंतर वयाच्या मानाने बीएमआय.

रांग कुणाच्या पोरांची?

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला आवडणारा प्रश्न. रांगेत कुणाची मुलं उभी आहेत?

२००० साली एक आंतरराष्ट्रीय मापदंड आला. त्यात ब्राझील, ब्रिटन, हाँगकाँग, नेदरलँड्स, सिंगापूर आणि अमेरिका या सहा ठिकाणची मुलं होती. भारत नव्हता. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नवे तक्ते दिले. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली होती आणि त्यांत दिल्लीची होती. पण फरक असा, की मुलं निवडून घेतली होती : आईचं दूध मिळालेली, आई धूम्रपान न करणारी, घरची स्थिती वाढीच्या आड न येणारी. म्हणजे ‘मुलं कशी वाढतात’ याचं ते वर्णन नाही. ‘मुलं कशी वाढायला हवीत’ याचा तो आदर्श आहे. ‘आहे’ आणि ‘असावं’ यांतला हा भेद आम्ही वर्गात तासन् तास शिकवतो, आणि इथे तो एका कागदी तक्त्यात बसलेला आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१५ मध्ये ५ ते १८ वयासाठी भारतीय मुलांचे तक्ते आणले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं त्यात मोठं काम आहे. त्यात जास्त वजनाची रेघ मोठ्या माणसाच्या २३ शी आणि लठ्ठपणाची २७ शी जोडली आहे. इतरत्र त्या २५ आणि ३० शी जोडतात. म्हणजे आपल्या मुलांसाठी धोक्याची रेघ मुद्दाम खाली ओढली. का ओढली? त्यासाठी न्यायशास्त्रात जावं लागेल.

गळतीही आणि घुसखोरीही

कोणत्याही व्याख्येत, लक्षणात, दोन मोठे दोष संभवतात, असं न्यायशास्त्र सांगतं. ‘शिंगं असणारी ती गाय’ म्हटलं तर म्हैस आत घुसते. ही अतिव्याप्ती. ‘तांबडी असते ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती.

लठ्ठपणा म्हणजे काय? शरीरात प्रकृतीला बाधेल इतकी चरबी. बीएमआय चरबी मोजत नाही, वजन आणि उंची मोजतो. तालमीतल्या पोराचे स्नायू जड असतात, काटा त्यालाही लठ्ठ म्हणेल. ही अतिव्याप्ती. आणि अंगाने बारीक, पण आत चरबी जास्त, तो सुटून जाईल. ही अव्याप्ती.

हे मोंढ्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. सोयाबीनचं पोतं काट्यावर घातलं म्हणून व्यापारी लगेच भाव देतो का? आधी ओल बघतो. दोन पोत्यांचं वजन सारखं, पण एकात दाणा जास्त आणि दुसऱ्यात पाणी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सारखी दोन पोती, ओल मात्र दुपटीहून जास्त.

हे कुठून आलं? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान होती. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. बारीक बाळ, पण चरबी राखून ठेवलेलं. आईच्या पोटात असताना टंचाई आली तर शरीर स्नायूंवरचा खर्च कमी करतं आणि चरबीची ठेव शक्यतो मोडत नाही, असा याचा अर्थ लावतात. टंचाईतल्या घरात हे समजण्यासारखं आहे. अडचण पुढे येते, जेव्हा असं बाळ भरल्या बाजारात मोठं होतं.

म्हणून आपल्याकडे अव्याप्तीची भीती जास्त. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत ५ ते ९ वयाची साधारण ४ टक्के आणि १० ते १९ वयाची ५ टक्के मुलं जास्त वजनाची निघाली. पण रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली मुलं सुमारे १० टक्के होती. रक्तक्षय असला तर ही चाचणी थोडी वर सरकते, तेवढी सूट देऊ. तरीही काट्याने पकडलेल्यांपेक्षा काट्यातून सुटलेले कमी नाहीत, एवढं दिसतं.

दोन मुली, एक काटा

आता मघाचं विधान, की दोन्ही प्रश्न एकाच लेकरात राहतात, ते हिशोबाने दाखवतो. समजा दोन मुली आहेत. दोघी दहा वर्षांच्या, दोघींचं वजन ३२ किलो. जागतिक तक्त्यानुसार दहा वर्षांच्या मुलीचं मधलं वजन जवळजवळ एवढंच आहे. फक्त काटा असेल तर दोघी उत्तम.

आता उंची घेऊ. पहिली १३९ सेंटिमीटर. ३२ ला १.३९ ने दोनदा भागा, साडेसोळा येतात. अगदी मधोमध. दुसरी १२६ सेंटिमीटर, ठेंगणेपणाच्या रेघेला टेकलेली. तिचा बीएमआय येतो २० च्या थोडा वर. या वयाच्या मुलींसाठी जागतिक तक्त्यात जास्त वजनाची रेघ १९ वर आहे. म्हणजे ही मुलगी एकाच वेळी कुपोषणाची खूण अंगावर वागवते आहे आणि जास्त वजनाचीही. लहानपणी जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही म्हणून उंची खुंटली, आणि नंतर जे मिळालं त्याने वजन वाढलं, उंची वाढली नाही.

आता हीच मुलगी २६ किलोची असती तर? वयाच्या मानाने वजन कमी. आपण घाबरून तिला बिस्किटं, तळलेलं, साखर घातलेली पावडर सुरू करणार. खरं तर तिच्या उंचीला ते वजन ठीक आहे, साडेसोळाच्या आतच बीएमआय येतो. तिला हवी आहेत डाळ, अंडी, दूध, भाज्या. आपण कमी वजनावर इलाज करतो आहोत असं समजून दुसऱ्या रोगाची पायाभरणी करतो. अर्धवट मोजण्याचा तोटा हा असा असतो.

आणि मोजायचं तर नीट. त्या दुसऱ्या मुलीने चपला घातल्या असतील, केसांचा बुचडा वर बांधला असेल आणि उंची चार सेंटिमीटर जास्त लिहिली गेली, तर बीएमआय १९ च्या खाली येतो. मुलगी कागदावर बरी झाली! टाचा, नितंब, पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, पाय उघडे, केस सोडलेले, आणि आकडा दोनदा घेतलेला. यात महाग यंत्र काहीच नाही.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान फरक तिथे पकडायचा आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. फक्त त्याच जिल्ह्यात आपल्या पोरीची उंची चपलेसकट लिहिली जाऊ नये, एवढी माझी अपेक्षा आहे.

एक मुद्दा राहिला. एकदा मोजणं म्हणजे फोटो, वारंवार मोजणं म्हणजे गोष्ट. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला आणि ती तिशीला आल्यावर तपासणी झाली. ज्यांना मधुमेह किंवा त्याची सुरुवात आढळली, ती दोन वर्षांची असताना बारीक होती आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा वेगाने चढत गेला. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही लठ्ठ नव्हतं. एकही नाही! म्हणजे रेघ ओलांडली की नाही एवढंच बघणाऱ्याला ती मुलं दिसलीच नसती. चढणारी वाट बघणाऱ्याला दिसली असती.

कारण आणि कुंभाराचं गाढव

आता दुसरा शब्द, कारण. मडकं घडतं तेव्हा माती असते, चाक असतं, कुंभार असतो. आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. नैयायिक विचारतात, गाढव मडक्याचं कारण आहे का? ते म्हणतात, नाही. ते आधी हजर होतं खरं, पण त्याच्यावाचून मडकं अडत नाही. माती डोक्यावरूनही आणता येते. नुसतं आधी हजर असणं म्हणजे कारण असणं नव्हे. असं गाढव ओळखायचं कसं? अन्वय-व्यतिरेकाने. ते असताना कार्य होतं, नसताना होत नाही, असं दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे.

बीजस्वभावापासून सुरू करू. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं अंगमान वाढवणाऱ्या आईबापांशी जुळलं नाही, जन्म देणाऱ्यांशी जुळलं. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं. चरबीतून निघणारा हा स्राव मेंदूला सांगतो, की पुरे झालं. १९९७ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांची नोंद केली, ज्यांच्या शरीरात हा निरोपच तयार होत नव्हता. त्यांची भूक कधी शमतच नव्हती. तेव्हा ‘तोंडावर ताबा नाही’ असं म्हणण्याआधी दहा वेळा विचार करावा.

पण दुसरी बाजू बघा. जगात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९७५ मध्ये १ कोटी १० लाख होती, २०१६ मध्ये १२ कोटी ४० लाख झाली. चाळीस वर्षांत माणसाचं बीज बदलत नाही. बीज सांगतं, की एकाच वर्गात एकाच डब्यावर कोण आधी जाड होईल. सगळा वर्गच का सरकला, ते बीज सांगत नाही. जमीन तीच, पाऊस बदलला.

मग बदललं काय? दोन प्रयोग सांगतो, कारण त्यांत व्यतिरेक आहे. नेदरलँड्समध्ये ६४१ शाळकरी मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटर पेय दिलं. अर्ध्यांच्या डब्यात साखर, अर्ध्यांच्या डब्यात साखरेविना तीच चव. मुलांना माहीत नव्हतं कुणाला काय मिळतंय. साखरवाल्यांचं वजन सरासरी किलोभर जास्त वाढलं. दुसरा प्रयोग अमेरिकेत सॅन होजे इथला, १९९९ चा. एका शाळेतल्या मुलांचं टीव्ही बघणं सहा महिने कमी करवलं, दुसरीत नाही. पहिल्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय कमी वेगाने वाढला.

म्हणजे साखरेचं पेय हे गाढव नाही, कुंभाराच्या हातातल्या दांड्यासारखं ते खरं कारण आहे. २५० मिलिलिटर थंड पेयात साधारण २५ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. पडदा हेही कारण आहे. त्याच्यासमोर बसणं होतं, बघता बघता खाणं होतं, जाहिरात दिसते, झोप उशिरा लागते. शाळेतली खिचडी मात्र गाढव आहे. पोर जाड झालं त्या वर्षी ते खिचडी खात होतं, एवढाच तिचा गुन्हा. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देणारं ते ताट आहे. घंटेनंतर फाटकाबाहेर पाच रुपयांत जे पाकीट मिळतं, ते बघा.

कारण म्हणजे दोष नव्हे

आता शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. ‘कारण काय’ असं विचारलं की आपल्याला लगेच ‘दोष कुणाचा’ असं ऐकू येतं. बारीक पोर असेल तर आईचा दोष, जाड असेल तरी आईचाच. तिने दिवसभर सोयाबीन काढायचं, संध्याकाळी रडणाऱ्या लेकराच्या हातात पाकीट दिलं की ती निष्काळजी. पण ते पाकीट गावोगाव पोचलं, पाच रुपयांत परवडलं, फाटकापाशी लटकलं, ते तिच्यामुळे नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो अमलात आणणं हे आईचं काम नव्हे, ते ग्रामपंचायतीचं, शाळा समितीचं, प्रशासनाचं काम आहे.

आणि लेकराला दोष देणं तर सर्वांत वाईट. वर्गात सगळ्यांदेखत वजन घेऊन मोठ्याने आकडा वाचायचा, मग पोरं ‘जाड्या’ म्हणणार. ते पोर उद्या मैदानावर यायचं बंद होईल. म्हणजे मोजणंच रोगाचं कारण झालं. मोजमाप लेकराला प्रश्न विचारण्यासाठी असतं, त्याच्यावर निकाल देण्यासाठी नसतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, मुलगी जाड होतेय असं वाटलं तर तिचं जेवण कमी करायचं का?*

स्वतःच्या मनाने नाही. वाढत्या वयात उपाशी ठेवलं तर उंचीचं नुकसान होतं. मुलांच्या बाबतीत एक सोय निसर्गाने दिली आहे : वजन बरंच जास्त नसेल तर ते घटवावं लागत नाही, आहे तिथं थांबलं किंवा सावकाश वाढलं तरी पुरतं, कारण उंची खालून वर येतच असते. जेवणाच्या ताटातली भाकरी काढू नका, ताटाबाहेरचं काढा : गोड पेयं, पाकिटं, पडद्यासमोरचं खाणं. झोप पुरी होऊ द्या, खेळू द्या. आणि दर काही महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही लिहून ठेवा. रेघ वेगाने चढत असेल तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा.

*प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे कमी वजनाचीच मुलं जास्त. त्यात हे लठ्ठपणाचं कसं बघायचं?*

ताई, तुमच्याकडच्या नोंदींत आता वजनाबरोबर उंचीही असते, ही फार मोठी गोष्ट आहे. ती उंची नीट घेतलीत तर अर्धं काम झालं. कमी वजनाचं लेकरू आलं की एक प्रश्न जास्त विचारा : हे रोडावलेलं आहे, की ठेंगणं आहे? रोडावलेलं असेल, दंडाची पट्टी लाल दाखवत असेल, तर एक दिवसही थांबू नका. तिथे लठ्ठपणाचा विचार मनात आणायचाच नाही. ठेंगणं पण अंगाने बरं असेल तर नुसत्या कॅलरी ओतून चालणार नाही, चौरस आहार लागेल. आणि लठ्ठपणाचं म्हणाल, तर तुमचं सगळ्यात मोठं काम लेकरू जन्मायच्या आधीच असतं. गरोदर बाईचं वजन, तिचं रक्त, तिचं ताट. आज त्या बाईची थाळी भरलीत, तर वीस वर्षांनी तिच्या लेकराच्या रक्तातली साखर तपासणाऱ्या डॉक्टराचं काम हलकं होण्याची आशा आहे. तुमच्या रजिस्टरला त्याचा रकाना नाही, पण ते काम तुमच्याच हातचं आहे.